चार प्लाय, आठ प्लाय, कॅशमिलॉन: विणायला धागा निवडायचा कसा?

नोव्हेंबर लागला की ग्वाल्हेरात महाराज बाडा चौकाच्या आसपासच्या दुकानांत लोकरीचे गुंडे दर्शनी भागात येऊन बसतात. पूर्वी गिऱ्हाईक ठरलेलं असे: लष्कर या भागातल्या आज्या नि काकवा, आणि त्यांना हवी असलेली शाळेच्या स्वेटरची मरून नाहीतर निळी लोकर. आता त्यांच्या शेजारी कॉलेजातली मुलगीही उभी असते. तिला मोबाइलवर पाहिलेला क्रोशाचा टॉप करायचाय आणि ती ‘डीके’ जाडीचा धागा मागते. दुकानदार विचारतो, चार प्लाय की आठ? शेजारच्या काकू सांगतात, नऊ नंबरची सुई घे. व्हिडिओत तर आठ नंबर म्हटलंय, आणि ती सुई काकूंच्या नवापेक्षा चांगली जाडजूड दिसतेय.

यात चूक कोणाचीच नाही. हे आकडे वेगवेगळ्या देशांतून आलेत आणि एकाच काउंटरवर येऊन भेटलेत. ते सुटे करून घेतले की काम सोपं होतं. रंग शेवटी बघायचा. आधी बघायचं, धागा किती जाड आहे, कशाचा आहे, आणि विणून झालेली वस्तू घरात कोण, कशी धुणार आहे. हा तिसरा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, आणि मेहनतीने विणलेले स्वेटर वाया जातात ते बहुधा त्याच्यापायी.

प्लाय म्हणजे जाडी का?

प्लाय म्हणजे पेड. धागा किती पेडांना पीळ देऊन केलाय, एवढंच तो आकडा सांगतो. वेणी तीनपेडी आहे म्हटल्याने ती जाड की बारीक हे कळत नाही, ते केसांवर अवलंबून असतं, धाग्याचंही तसंच.

गोंधळ वाढतो तो एका जुन्या रूढीमुळे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ‘चार प्लाय’ आणि ‘आठ प्लाय’ ही जाडीचीच नावं होऊन बसली. तिथे चार प्लाय म्हणजे बारीक धागा, आठ प्लाय म्हणजे डीके. डीके हे ‘डबल निटिंग’चं लघुरूप. अमेरिकी नमुन्यांत याच्या पुढची पायरी वर्स्टेड, आणि त्याहून जाड ते चंकी. आपल्याकडच्या गुंड्यावर ‘४ प्लाय’ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा पेडांची खरी संख्या म्हणून, आणि असा धागा डीकेइतका किंवा त्याहूनही जाड असू शकतो. परदेशी नमुन्यातला चार प्लाय समजून तो घेतला, तर बाळाचा स्वेटर मोठ्या भावाला होतो.

म्हणून लेबलवर प्लायच्या आधी दुसरा आकडा शोधा: १०० ग्रॅममध्ये किती मीटर. ४०० मीटरच्या आसपास असेल तर धागा बारीक, सुई २.२५ ते ३.२५ मिलिमीटर. २०० ते २५० मीटर म्हणजे डीके, सुई ३.७५ ते ४.५. त्याच्या किंचित खाली, १८० ते २०० मीटर, वर्स्टेड, सुई ४.५ ते ५.५. १०० ते १२० मीटरच मिळत असतील तर तो चंकी, त्याला साडेपाचच्या पुढची सुई लागते. गुंडा ५० ग्रॅमचा असेल तर मीटर दुप्पट करून बघायचे.

हा हिशेब लोकर आणि ॲक्रिलिकला चांगला लागू पडतो, सुताला तितका नाही. कापसाचा तंतू मुळात जड आहे. त्याची घनता १.५४ च्या आसपास, लोकरीची १.३१, ॲक्रिलिकची फक्त १.१७. त्यामुळे जाडी तीच असली तरी १०० ग्रॅम सुतात मीटर कमी भरतात. ‘ॲक्रिलिकचे चार गुंडे पुरले होते, सुताचे का पुरले नाहीत?’ याचं उत्तर इथे आहे. बदली धागा घेताना ग्रॅम जुळवू नका, मीटर जुळवा.

लेबल हरवलंय, ट्रंकेतून निघालेली जुनी लडी आहे? फूटपट्टीवर एक इंच जागेत धागा शेजारी शेजारी गुंडाळा. वेढे एकमेकांना टेकलेले हवेत, एकमेकांवर चढलेले नकोत, आणि ओढून तर मुळीच नकोत. साधारण १५ वेढे बसले तर बारीक, १२ म्हणजे डीके, ९-१० म्हणजे वर्स्टेड.

शंकूच्या आकाराच्या रिळावर, म्हणजे कोनवर, मिळणाऱ्या धाग्यावर ‘२/३२’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो मशीनवर विणायचा धागा. एका ग्रॅमला ३२ मीटर भरेल असे दोन पेड एकत्र, म्हणजे ग्रॅमला १६ मीटर, १०० ग्रॅमला १६०० मीटर. हातविणीत डीकेची जाडी आणायला त्याच्या सात सरी एकत्र घ्याव्या लागतात. स्वस्त पडतो खरा, पण सात सरींतली एखादी दर चार टाक्यांनी सुईवरून निसटते. नवशिक्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

काकूंची नऊ नंबर आणि व्हिडिओतली आठ नंबर

आपल्या घरांतल्या सुया जुन्या ब्रिटिश मापाच्या आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४, ६ म्हणजे ५. अमेरिकी माप नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई जाड. तिथली ८ नंबर ५ मिलिमीटरची, म्हणजे आपली ६. एवढ्या फरकाने अंगाचा स्वेटर ढगळ होतो. यावर तोडगा एकच: नंबर सोडून द्या आणि मिलिमीटर वाचा. नव्या सुयांवर ते छापलेले असतात. जुन्या सुयांसाठी भोकं असलेली मापपट्टी मिळते.

क्रोशात असाच एक खड्डा आहे. अमेरिकी ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, सुईवर एक वेढा घेऊन केलेला. ब्रिटिश नमुन्यात मात्र ‘डबल क्रोशे’ म्हणजे वेढा न घेता केलेला बुटका टाका, आपला मुका खांब. ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द असतील तर नमुना अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही.

धागा कशाचा आहे, याने काय फरक पडतो?

सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

खरी लोकर म्हणजे मेंढीचा केस. तो सरळ नसतो, नागमोडी असतो, म्हणून ताणला तर लांबतो आणि सोडला की परत येतो. एक उलट एक सुलट घातलेला काठ लोकरीत वर्षानुवर्षं मनगटाला धरून राहतो, तो या गुणामुळे. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओल पिऊनही हाताला ओलसर लागत नाही. जानेवारीतल्या धुक्यात, पारा पाचाच्या खाली असताना, सकाळी सहाला स्कूटरवर निघणाऱ्याला याची किंमत कळते.

मग ती टोचते का? केसाच्या जाडीमुळे. ही जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो मेंढीची चांगली लोकर २२ मायक्रॉनच्या खाली असते आणि गळ्याशी मऊ लागते. साधारण ३० च्या वरचे केस टोचायला लागतात. दख्खनी मेंढीची लोकर भरड, म्हणून तिची घोंगडी होते, बाळाची कुंची होत नाही.

लोकरीची दुसरी बाजू धुताना दिसते. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की हे खवले उघडतात, एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. स्वेटर दोन मापांनी आटून नमदा, म्हणजे घट्ट दाबलेल्या लोकरीचा तुकडा, होतो. यावर उपाय नाही. ओढून, वजन ठेवून, केसांचं कंडिशनर लावून थोडंफार सैल होईल, पूर्ववत नाही. लेबलवर ‘सुपरवॉश’ असेल तर खवले रसायनाने झिजवलेले किंवा पातळ लेपाने झाकलेले असतात आणि तो धागा मशीनच्या सौम्य चक्रात चालतो. मात्र सुपरवॉश धुतल्यावर थोडा लांबतो, हे विणायच्या आधी धरून चाला.

ॲक्रिलिक हा पेट्रोलियमपासून केलेला कृत्रिम तंतू. बाजारात आपण ‘लोकर’ म्हणून आणतो त्यातला बहुतेक माल हाच असतो. ‘कॅशमिलॉन’ही ॲक्रिलिकच, ते एका जपानी कंपनीने दिलेलं व्यापारी नाव आहे, काश्मिरी बकरीशी त्याचा संबंध नाही. गुंड्यांवरची वर्धमान, ओसवाल, गंगा ही ओळखीची नावं लुधियान्याची. एकाच कंपनीच्या दोन गुंड्यांतलं मिश्रण वेगळं असू शकतं, तेव्हा नावावर न जाता टक्केवारी वाचा. ‘मिल्क कॉटन’ वगैरेंच्या बाबतीतही तेच. नाव दुधाचं असलं तरी आत बऱ्याचदा सूत आणि ॲक्रिलिकचं मिश्रण निघतं. वाईट नसतं ते, पण काय घेतोय ते माहीत असावं.

ॲक्रिलिक हलकं, स्वस्त, रंगाला पक्कं, आणि कसरीचा त्याला धोका नाही. दोष दोन. एक, ते ओल जवळजवळ पीत नाही, त्यामुळे दुपारी ऊन चढल्यावर आतून घामट लागतं. दुसरा दोष उष्णतेचा. उकळत्या पाण्याच्या खालच्याच तापमानाला हा तंतू मऊ पडू लागतो. गरम इस्त्री दाबून फिरवली की विणीतला उभारीपणा जातो, काठ लोंबतो, आणि तो कायमचा. स्वयंपाकघरातली भांडी धरायची फडकी किंवा गरम पातेल्याखालची चकती ॲक्रिलिकची कधीच करू नका, ती वितळून चिकटते. शेगडीजवळ बसणाऱ्यांच्या शालीलाही हाच नियम.

सूत, म्हणजे कापसाचा धागा, ओलं झाल्यावर आणखी मजबूत होतं आणि कितीही धुतलं तरी कुरकुर करत नाही. भांडी-ओटा पुसायची फडकी, पिशव्या, तोरणं, रुखवतातले क्रोशाचे रुमाल, मेमध्ये ४५ अंशांत घालायचे टॉप, या सगळ्याला सूतच. मर्सराइज्ड सुताला ताणून कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेली असते. त्याने चकाकी येते, रंग खुलतो. रुमालाला ते घ्या, पुसायच्या फडक्याला साधं. क्रोशाच्या बारीक दोऱ्यावर १०, २०, ४० असे नंबर असतात, इथे नंबर वाढला की दोरा बारीक. वीस नंबरला साधारण १ ते १.२५ मिलिमीटरची पोलादी सुई लागते.

व्हिस्कोस किंवा रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होतं. ग्वाल्हेर रेयॉन म्हणून १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे ग्रासिम झालेल्या कंपनीने १९५४ मध्ये नागद्याला सुरू केलं ते याच तंतूचं उत्पादन. रेशमासारखी झळाळी आणि छान पडणारी वीण, पण ओलं झालं की ताकद जवळपास निम्म्यावर येते. शालीच्या काठाला, सजावटीला ठीक. पिशवीला नको.

‘ॲक्रिलिक नकली, मग घ्यावंच कशाला?’

कारण धुणारी व्यक्ती बदलत नाही. शाळेचा स्वेटर आठवड्याला धुतला जातो, बहुधा इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये, आणि वर्षभरात लहान होतो. तिथे महागडी मेरिनो घालणं म्हणजे ती आटवायची व्यवस्था करणं. ब्लँकेट, रोजच्या टोप्या, दुसऱ्याच्या घरी भेट जाणारे बाळाचे कपडे, यांना चांगलं मऊ ॲक्रिलिकच शहाणपणाचं. गोळे येतात ही तक्रार खरी आहे. तंतू चिवट असल्यामुळे वर आलेली लव गुंडाळली जाते आणि गळून न पडता तिथेच लोंबकळते. लोकरीचे गोळे झिजून पडतात तरी. यासाठी दुकानातच परीक्षा घ्या: धाग्याचं टोक दोन बोटांत वीस-पंचवीस वेळा चोळा. लगेच भुसभुशीत झालं तर पीळ सैल आहे, तो गुंडा खाली ठेवा.

लोकर २० ते ३० टक्के आणि बाकी ॲक्रिलिक, हा मिश्र धागा रोजच्या मोठ्या स्वेटरसाठी माझ्या मते सर्वांत हिशेबी. थोडी ऊब, थोडी ताण आणि धुण्यात फारसा जीव घेत नाही. तरी पाणी थंडच.

‘सुताचा स्वेटर का करू नये? मऊ तर असतो’

कराच, पण त्याला ताण नाही हे जाणून करा. काठ दोन महिन्यांत ओघळतो. काठापुरती दोन नंबर बारीक सुई वापरा किंवा आतून बारीक इलॅस्टिकचा दोरा ओवा. क्रोशाच्या टॉपचंही असंच: सूत स्वतःच्या वजनाने खाली ओढतं आणि कमरेपर्यंतचा टॉप मांडीवर येतो. विणायच्या आधी एक तुकडा करून रात्रभर टाचणीने टांगा, खाली कपड्याचे दोन चिमटे लावा, सकाळी किती लांबला ते मोजा. तेवढी उंची आधीच कमी धरा. असा टॉप घडी घालून ठेवायचा, हँगरला नाही.

बाळासाठी आणि खेळण्यांसाठी

कुंची, झबलं, टोपडं, मोजे यांना केसाळ, फरसारखा धागा नको. लव तोंडात जाते. मोठ्या भोकांची जाळीदार वीणही नको, बोटं अडकतात. मोज्याच्या आतला सुटा धागा बाळाच्या अंगठ्याला गुंडाळून रक्त अडवू शकतो, म्हणून प्रत्येक टोक निदान दोन इंच विणीत लपवा आणि मोजा उलटा करून हात फिरवा.

क्रोशाच्या बाहुल्यांसाठी डीके जाडीचं सूत किंवा सूत-ॲक्रिलिक मिश्रण. सुई लेबलवर लिहिलीय त्यापेक्षा बारीक, २.५ ते ३ मिलिमीटर, म्हणजे आतला कापूस दिसत नाही. पहिली बाहुली काळ्या धाग्याची करू नका, टाके मोजताच येत नाहीत. तान्ह्या मुलाच्या खेळण्याचे डोळे धाग्याने भरा, मणी किंवा बटणं लावू नका.

किती आणायचा?

डीके ते वर्स्टेड जाडीच्या ॲक्रिलिकचा अंदाज असा: टोपी ५० ते ८० ग्रॅम, मफलर १५० ते २००, छाती ३८-४० चा बिनबाह्यांचा स्वेटर ३०० ते ३५०, पूर्ण बाह्यांचा ५०० ते ६००. तान्ह्या बाळाचा संच १०० ते १५० ग्रॅममध्ये होतो. वेण्यांची नक्षी असेल तर पाचवा हिस्सा जास्त धरा. तेवढीच जागा क्रोशाने भरायला सुयांच्या विणीपेक्षा पाव ते तिसरा हिस्सा धागा अधिक जातो.

सगळा धागा एकदम घ्या आणि प्रत्येक लेबलवरचा डाय लॉटचा नंबर जुळवा. डाय लॉट म्हणजे एका वेळी एका कढईत रंगवलेला घाणा. दोन घाण्यांतला फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, पाठीवर आडवा पट्टा होऊन दिवसा दिसतो. धागा कमी पडलाच तर नवा गुंडा एकदम सुरू न करता दोन ओळी जुन्याच्या, दोन नव्याच्या अशा दहा-बारा ओळी विणा. किंवा नवा घाणा गळ्याला आणि काठाला ठेवा, तिथे वीणच बदलते.

‘आधी मापाचा तुकडा विणण्यात वेळ का घालवू?’

हिशेब करून बघा. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितलेत आणि छाती १०० सेंटिमीटर आहे, तर घेर २२० टाक्यांचा. तुमचा हात जरा सैल आहे आणि १० सेंटिमीटरला २०च टाके बसतात. तेच २२० टाके ११० सेंटिमीटर होतील. दोन टाक्यांनी दहा सेंटिमीटर खाल्ले, आणि ते कळतं बाह्या जोडल्यावर.

१५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, वस्तू जशी धुणार तसाच धुवा, सपाट वाळवा, आणि मधले १० सेंटिमीटर मोजा. काठाचे टाके नेहमी वाकडे असतात, ते धरू नका. टाके कमी भरले तर बारीक सुई, जास्त भरले तर जाड. मफलर किंवा ब्लँकेटला हे सोडलं तरी चालतं.

लेबलच नाही, मेळ्यात ‘प्युअर वूल’ म्हणून मिळालं

दोन इंच धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाणी ठेवून, जाळून बघा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की ती विझू लागते, राख काळी आणि बोटांत चुरडते. सूत कागदासारखं जळतं, राख करडी आणि हलकी. ॲक्रिलिक भुरूभुरू पेटतं, वितळतं, आणि मागे कडक काळा मणी उरतो, तो फुटत नाही. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. हे घराच्या आत, पडद्याजवळ करू नका.

धुणं आणि ठेवणं

लोकर: थंड पाणी, सौम्य द्रव साबण, दहा मिनिटं बुडवून ठेवायची, चोळायची नाही. एका पाण्यातून दुसऱ्यात घालताना दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं हवं. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत सपाट पसरायचं. दोरीवर टाकलेला ओला स्वेटर बाह्यांनी लांबतो.

ॲक्रिलिक कोमट पाण्यात, उलटं करून धुवा, म्हणजे गोळे आतल्या बाजूला येतात. सुरकुती काढायची असेल तर इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून नुसती वाफ द्या.

होळीनंतर कपडे वर टाकताना लोकर धुऊनच ठेवा. कसर लोकरीवर बसते ती आधी घामाच्या आणि खरकट्याच्या डागांवर. डांबरगोळ्या कपड्यांना थेट लागू देऊ नका, फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा. बाळाच्या कपड्यांत तर त्या घालूच नका. तिथे घट्ट झाकणाचा डबा किंवा बंद पिशवी पुरते. आणि प्रत्येक स्वेटरबरोबर उरलेला दहा ग्रॅम धागा आणि गुंड्याचं लेबल एका पाकिटात ठेवा. पुढच्या हिवाळ्यात कोपर फाटलं की दोन्ही लागतात.